करंगळीचं लिहिलंत, ते फार बरं केलंत

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर. माझं वय ४३. वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते, घरीच ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. दिवाळीपासून उजव्या हाताला मुंग्या येतात. आधी कधीतरी यायच्या, आता रोज रात्री दोन-तीनच्या सुमारास हात इतका बधिर होतो की जाग येते. उठून हात झटकला, पलंगाखाली सोडला की जरा बरं वाटतं. दिवसा कात्रीने अस्तर कापताना किंवा मोबाइल कानाला धरला की पुन्हा सुरू. सुईत दोरा ओवताना सुई चिमटीत आहे की सुटली तेच कळत नाही. अंगठा आणि शेजारची बोटं जड पडतात, करंगळी मात्र ठीक आहे. माझ्या वडिलांना लकवा झाला होता, म्हणून नणंद म्हणते ही त्याचीच सुरुवात. शेजारच्या गावात एक जण मान मोडून नस मोकळी करतो, त्याच्याकडे जा असं सगळे सांगतात. मेडिकलवाल्याने नसांच्या गोळ्या दिल्यात, तीन महिने चालू आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणते, "आई, न्यूरॉन म्हणजे नसांच्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, गेले ते गेले." ते ऐकल्यापासून उरलीसुरली झोपही उडाली. मेंदूचा एमआरआय काढून घेऊ का? लग्नसराईची कामं घेऊन बसले आहे.

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: करंगळी ठीक आहे. पुढचं वाचण्याआधी एक करा. कापसाची वात नाहीतर दोऱ्याचं सुटं टोक घ्या, डोळे मिटा आणि मुलीला ते तुमच्या उजव्या अनामिकेवरून हलकेच फिरवायला सांगा. आधी मधल्या बोटाकडच्या कडेवरून, मग करंगळीकडच्या कडेवरून. एका कडेला स्पर्श मंद आणि दुसरीकडे लख्ख, असं जाणवलं तर दुखणं कुठे आहे ते मी इथे बसून बऱ्याच खात्रीने सांगू शकतो.

कारण असं की तळहाताच्या बाजूने बोटांची जाणीव दोन नसांनी वाटून घेतली आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग मीडियन नावाच्या नसेकडे. अनामिकेचा उरलेला अर्धा भाग आणि करंगळी अल्नर नसेकडे. (कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत सणक जाते ना, ती या अल्नरची. कोपराच्या मागे ती हाडाला अगदी लागून जाते.) बहुतेक माणसांत या दोघींची हद्द अनामिकेच्या मधूनच जाते. ही हद्द फक्त हातातल्या नसांची. मानेतून निघणाऱ्या नसांच्या मुळांची वाटणी निराळी असते, मेंदूतली त्याहून निराळी. लकव्याला एकच बोट मधोमध चिरता येत नाही.

नणंदेला हसू नका. घरात एकदा लकवा पाहिलेलं माणूस प्रत्येक मुंगीला घाबरतं, आणि ते साहजिक आहे. पण लकवा अचानक येतो. बोलता बोलता तोंड एका बाजूला ओढलं जातं, उचललेला हात आपोआप खाली येतो, शब्द अडखळतात किंवा भलतेच येतात, एका अंगाचा पाय लुळा पडतो. तो हात झटकल्याने जात नाही. असं काही घरात कुणालाही दिसलं तर क्षणभरही थांबू नका, १०८ला फोन करा आणि जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात न्या. गुठळीने झालेला लकवा असेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि जितकं लवकर तितका फायदा. वडिलांना झाला होता म्हणून तुम्ही स्वतःचा रक्तदाब आणि साखर दरवर्षी तपासायला हवी, हे मात्र खरं. पण महिनोन्‌महिने रात्री येणाऱ्या आणि झटकल्यावर जाणाऱ्या मुंग्या हे लकव्याचं लक्षण नव्हे.

आता थोडं आत शिरू या. मुलगी बारावीला आहे म्हणजे मज्जासंस्थेची आकृती तिच्या वहीत असणारच. तुम्ही ती आकृती तुमच्या हातावर पाहा.

काज करताना सुई तर्जनीला टोचते तेव्हा दोन वेदना होतात, हे तुम्ही शेकडो वेळा अनुभवलं असेल. पहिली क्षणात येते, टोकदार, आणि आपण हात ओढून घेतो. दुसरी जरा मागून येते, जळजळणारी, रेंगाळणारी. टोचणं एकच, पण बातमी दोन प्रकारच्या तंतूंनी नेलेली असते. पहिल्या प्रकारच्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टन असतं आणि ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने खबर नेतात. दुसऱ्यांवर ते वेष्टन नसतंच, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. स्पर्शाच्या तंतूंवरचं वेष्टन सगळ्यात जाड. ते ६०-७० मीटरचा वेग गाठतात. कापड रेशमी की सुती हे बोट लावताच कळतं ते या तंतूंमुळे. आणि तुमच्या हातात नेमके हेच तंतू आधी कुरकुरायला लागले आहेत, कारण नस दाबली जाते तेव्हा पहिला मार या वेष्टनाला बसतो.

खबर जाते म्हणजे तंतूत नेमकं काय होतं? स्वस्थ असताना तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि ही तफावत टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. सुई टोचली की तिथल्या पडद्यातली सोडियमची दारं उघडतात. सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलाच, आत घुसतो. ऋण होतं ते क्षणभर धन होतं. मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी रुळावर येते. हा सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदाचा. तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात, मग त्यांच्या शेजारची, आणि लाट पुढे जाते. दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात ते सोडियमची हीच दारं बंद ठेवतं. दात तिथेच असतो, चिमटाही लागतो, पण खबर निघतच नाही. वेष्टन असलेल्या तंतूत दारं जागोजाग नसतात. वेष्टनाच्या तुकड्यांमध्ये ज्या बारीक फटी असतात तिथेच ती दाटीने असतात, त्यामुळे लाट एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी घेत जाते. वेग येतो तो या उड्यांमुळे. वेष्टन झिजलं की उडी चुकते. आधी खबर रेंगाळते, मग अडकते. मधूनच तंतू कुणी काही न टोचताही आपल्या मनाने पेटतो. मुंग्या म्हणतो त्या ह्याच.

आता तर्जनीपासून वर चला. मीडियन नस तळहातातून मनगटात येते, कोपराच्या खोबणीतून, दंडाच्या आतल्या बाजूने काखेत पोचते. काखेच्या आणि खांद्याच्या वर मानेतून आलेल्या पाच मुळांचं एक जाळं असतं, हाताच्या सगळ्या नसा त्यातूनच फुटतात. जाळ्यातून मानेच्या मणक्यांपर्यंत. तिथे, दोन मणक्यांमधल्या छिद्राशी, एका छोट्या गाठीत ती पेशी, म्हणजे न्यूरॉन, बसलेली असते जिची ही शेपटी तुमच्या बोटापर्यंत आली आहे. पेशीचं मूळ अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान आणि तिचा तंतू हातभर लांब. एवढ्यावर भागत नाही. त्याच पेशीची दुसरी फांदी मज्जारज्जूत शिरते आणि कुठेही न थांबता कवटीच्या तळाशी, मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाते. तिथे ती खबर दुसऱ्या पेशीला देते. ती पेशी खबर घेऊन पलीकडच्या बाजूला जाते, म्हणून उजव्या हाताचं डाव्या मेंदूला कळतं. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर तिसरी पेशी खबर घेते आणि मेंदूच्या वरच्या सालीपर्यंत नेते. बोटापासून मेंदूच्या सालीपर्यंत इतकी लांब वाट, पण त्या वाटेवर पेशी तीनच. वेदनेचे तंतू थोड्या वेगळ्या वाटेने जातात, ते मज्जारज्जूतच बाजू बदलतात. पण तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

मेंदूच्या त्या सालीवर शरीराचा नकाशा असतो आणि त्यात हाताला, त्यातही बोटांना, पाठ किंवा मांडीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळालेली असते. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने जाग्या रुग्णांच्या मेंदूवर हलका विद्युतप्रवाह लावून हा नकाशा मांडला आणि १९३७ साली प्रसिद्ध केला. मेंदूला स्वतःला वेदना नसते, म्हणून माणूस जागा ठेवून हे करता येतं. एका ठिकाणी स्पर्श केला की रुग्ण म्हणायचा अंगठ्याला काहीतरी झालं, थोडं सरकलं की ओठाला. अंगठा आणि चेहरा या नकाशात शेजारी शेजारी आहेत. म्हणून मेंदूतल्या बिघाडात हाताबरोबर तोंडही वाकडं होतं, हे सहज समजून येईल.

हालचालीची खबर उलट खाली येते आणि तिला दोनच पेशी लागतात: एक मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत, दुसरी मज्जारज्जूपासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत. बाकी मज्जासंस्थेचा पसारा मोठा आहे. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, मज्जारज्जूतून ३१, शिवाय घाम, आतडी, हृदयाचे ठोके सांभाळणारा आपल्या मर्जीबाहेरचा विभाग वेगळा. तो सगळा इथे उलगडत नाही.

एवढी वाट चालवली ती तुमच्या एमआरआयच्या प्रश्नासाठी. बोटापासून मेंदूपर्यंत कुठेही अडथळा आला तरी माणूस "हाताला मुंग्या" एवढंच म्हणतो. पण अडथळ्याची जागा बदलली की बाकीची लक्षणं बदलतात. मानेत मूळ दाबलं गेलं असतं तर मान वळवल्यावर कळ दंडातून खाली उतरली असती. मधुमेहाने किंवा बी-१२ कमी पडल्याने नसा बिघडल्या असत्या तर सुरुवात बहुतेक वेळा पायांपासून झाली असती, दोन्ही पायांत, मोजा घातल्यासारखी. कारण पायाचे तंतू सगळ्यात लांब, उंच माणसात दीड मीटरच्या घरात, आणि उपासमार आधी लांबच्या टोकाला जाणवते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मेंदूचा एमआरआय काढलात तर तो स्वच्छ येईल, पैसे जातील आणि त्या रात्री हात पुन्हा बधिर होईल. मानेचा काढलात तर त्याहून वाईट. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या फोटोत दोन मणक्यांमधली चकती थोडी सरकलेली दिसते. ती तुमच्याही फोटोत दिसली की पट्टा गळ्यात पडेल आणि उपचार हाताऐवजी फोटोवर सुरू होतील. हे मी वारंवार पाहतो आणि मला त्याचा राग येतो.

तुमचा अडथळा बहुधा मनगटात आहे. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात त्याला.

मनगटाच्या आतल्या बाजूला आठ छोट्या हाडांची कमान असते आणि तिच्यावर एक जाड, न ताणला जाणारा आडवा पट्टा. मधल्या पोकळीतून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या सोबत ही एकटी मीडियन नस. तुम्हाला सांगायला सोपं आहे: एका नाडीसाठी शिवलेल्या नेफ्यात कुणी नऊ नाड्या कोंबल्या आणि दहावी म्हणून एक रेशमी दोरा घातला, तर प्रत्येक ओढीला कोण घासलं जाईल? दोऱ्यांवरचं आवरण जरा सुजलं तरी पोकळीतला दाब वाढतो आणि सगळ्यात मऊ तीच दबते. करंगळीची अल्नर नस मनगटात या पट्ट्याच्या बाहेरून, वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती सुखरूप. आणखी एक गंमत आहे. अंगठ्याखालच्या तळहाताच्या त्वचेला जाणारी मीडियनची फांदी मनगटाच्या आधीच सुटते आणि पट्ट्याच्या वरून जाते. त्यामुळे बोटांची टोकं बधिर पण तळहाताचा तो भाग चांगला, असं चित्र दिसलं तर मनगटावरचा संशय आणखी पक्का होतो. वात तिथेही फिरवून पाहा.

रात्रीच का, याचं उत्तरही यातच आहे. झोपेत आपण मनगट दुमडून, कधी गालाखाली घेऊन झोपतो. मनगट दुमडलं की पोकळीतला दाब कित्येक पटींनी वाढतो. शिवाय आडवं झालं की दिवसभर पायांत उतरलेलं पाणी अंगभर पसरतं आणि हातांनाही थोडी सूज येते. नसेला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या दाबल्या जातात, नस गुदमरते, तुम्हाला जाग येते. झटकलं की रक्त पुन्हा वाहतं. "रात्री उठून हात झटकावा लागतो का?" हा प्रश्न आम्ही डॉक्टर मुद्दाम विचारतो, तुम्ही न विचारताच सांगितलंत. मोबाइल कानाला धरताना मनगट वाकलेलंच असतं, आणि जाड कापडावर कात्री चालवताना नऊच्या नऊ दोऱ्या एकदम ताणल्या जातात.

घरी एक चाचणी करता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं खाली, कोपरं बाजूला, मनगटं पूर्ण दुमडलेली. एक मिनिट तसंच धरा. नेमक्या त्याच बोटांत मुंग्या सुरू झाल्या तर समजा की खूण पटली. फेलन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही चाचणी आहे. आणि आरशासमोर दोन्ही तळहात शेजारी धरून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा पाहा. उजवीकडचा डावीपेक्षा चपटा दिसला, खळगा पडलेला दिसला, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. तिथल्या स्नायूला हीच नस हुकूम देते आणि तो वाळायला लागणं ही उशीर झाल्याची खूण असते.

आता मुलीचं म्हणणं. तिचं पुस्तक बरोबर आहे: मोठ्या माणसात न्यूरॉन सहसा दुभंगून नवे होत नाहीत. पण तुमचा न्यूरॉन मेलेला नाही. तो मानेपाशी त्या गाठीत ठणठणीत बसला आहे, दुखापत त्याच्या शेपटीला आहे, तीही एका जागी. बहुतेक वेळा इजा फक्त वेष्टनाला झालेली असते. हातापायांच्या नसांत हे वेष्टन श्वान पेशी नावाच्या पेशी बनवतात. एकेक पेशी एकेका तुकड्याला गुंडाळलेली असते, आणि दाब गेला की त्या पुन्हा कामाला लागतात. काही आठवडे ते काही महिन्यांत वेष्टन भरून येतं. समजा तंतू स्वतःच तुटला, तरी नसेची बाहेरची नळी शाबूत असेल तर तो तिच्यातून पुन्हा वाढत जातो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटीमीटर धरले तर सहा महिने झाले. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात तुटलेला तंतू असा वाढत नाही. तिथे वेष्टन घालणाऱ्या पेशी वेगळ्या जातीच्या, आणि जखमेनंतरचं वातावरणच तंतूला वाढू देत नाही. तुमच्या वडिलांचा लकवा आणि तुमच्या मुंग्या यांच्यातला फरक तो हा. मुलीला सांगा, वहीत "न्यूरॉन" आणि "न्यूरॉनचा तंतू" असे दोन वेगळे रकाने कर. परीक्षेतही उपयोग होईल.

तरीही "भरून येतं ना, मग बघू लग्नसराईनंतर" असं करू नका. हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्ष तसाच राहिला तर नस वाढून पोचली तरी त्याचा उपयोग होत नाही.

मान मोडणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. पहिलं कारण, बिघाड मानेत नाही. दुसरं, मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या झटक्याने फाटल्याची आणि त्यातून खराच लकवा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. विरळ आहेत, पण जिथे फायदा शून्य तिथे विरळ धोकाही कशाला घ्यायचा?

गोळ्यांबद्दल जरा सावध. नसांच्या गोळ्या म्हणून जे मिळतं त्यात बी-१२च्या जोडीला बहुतेक वेळा बी-६ असतं. बी-१२ कमी असेल तर ते घ्यायलाच हवं, मायलिन त्याच्याशिवाय नीट बनत नाही, आणि शाकाहारी घरांत ते कमी सापडतं. पण बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने पोटात गेलं तर ते स्वतःच जाणिवेच्या नसा बिघडवतं. मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीनेच मुंग्या! तीन महिने पुरे झाले. रक्तात बी-१२ तपासा, कमी निघालं तर डॉक्टर जेवढं सांगतील तेवढंच. त्याच रक्तात थायरॉइड आणि साखरही बघून घ्या. थायरॉइड मंद असेल तर ऊतींत पाणी साठतं आणि ही पोकळी आणखी अरुंद होते. मधुमेहात नसा आधीच हळव्या झालेल्या असतात. चाळिशीच्या पुढे बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. पाळी जायच्या सुमारास आणि गरोदरपणातही ते डोकं वर काढतं.

उपचार आजपासून सुरू करता येईल. मनगट सरळ ठेवणारी, आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेली स्प्लिंट मिळते. ती रात्री झोपताना घालायची, किमान सहा आठवडे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमधली पट्टी वरच्या बाजूला वाकवलेली असते, कारण ती वेगळ्याच दुखण्यासाठी बनवलेली असते. पट्टी बाहेर काढून सरळ करून घ्या. मनगट ना वर, ना खाली. आणि घट्ट आवळू नका. लवचिक क्रेप बँडेज करकचून गुंडाळणं म्हणजे दाबलेल्या नसेला आणखी दाबणं. दिवसा शिवताना ती घालायची गरज नाही, काम होणार नाही आणि तुम्ही दोन दिवसांत फेकून द्याल. त्यापेक्षा कात्रीला धार लावून घ्या, जाड अस्तराचे चार थर एकदम कापू नका, कापायचं काम सलग न करता मध्ये मशीनचं काम घ्या. हुक-बटणं आणि हातशिलाईचं काही दुसऱ्या कुणाला देता आलं तर या मोसमात द्या. मोबाइल स्पीकरवर.

दोन-तीन आठवड्यांत रात्रीची झोप परत आली तर उत्तम. नाही आली, किंवा सुई चिमटीत न जाणवणं तसंच राहिलं, तर मेंदूचा नव्हे, हाताच्या नसांचा वेग मोजणारी तपासणी करायची. नर्व्ह कंडक्शन किंवा एनसीव्ही म्हणतात. मनगटाच्या वर हलका शॉक देतात आणि अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत तो किती मिलिसेकंदांत पोचला ते पाहतात. साधारण चारच्या आत पोचायला हवा. कोपर ते मनगट या भागातला वेग सेकंदाला ५० मीटरहून जास्त आणि मनगट ओलांडताना मात्र उशीर, असं आलं की अडथळा नेमका कुठे ते कागदावर येतं. थोडं चटकतं, सहन होतं. हात गार असेल तर नसा मुळातच मंद चालतात आणि निकाल खोटा येतो, म्हणून थंडीत गेलात तर हात आधी गरम करून घ्यायला सांगा.

त्यानंतर दोन वाटा आहेत. नस फार बिघडलेली नसेल तर मनगटाच्या पोकळीत स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. सूज उतरते, बऱ्याच जणींना काही महिने आराम पडतो, काहींना पुन्हा त्रास सुरू होतो. "स्टेरॉइड" शब्दाला दचकू नका. एका जागी दिलेलं एक इंजेक्शन म्हणजे रोजच्या गोळ्या नव्हेत. मात्र साखर असेल तर ती काही दिवस वाढते, तेवढं लक्षात ठेवा. वेग फारच मंदावला असेल किंवा अंगठ्याचा उंचवटा वाळायला लागला असेल तर तो आडवा पट्टा कापून पोकळी मोकळी करायची. हात तेवढा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होणारी शस्त्रक्रिया आहे, त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच थांबतात. बोटांच्या टोकांची जाणीव परत यायला मात्र महिने लागतात, कारण तिथे वाढीचा तो मिलिमीटरचा हिशोब लागू होतो. बोटं लगेच हलवायची असतात. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, पण कात्री जोर लावून धरायला महिना-सव्वा महिना जाईल असं धरूनच मोसमाची कामं घ्या.

आधी कुणाकडे जायचं, हेही सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी चांगले एमडी मेडिसिन किंवा हाडांचे डॉक्टर असतील तर तिथूनच सुरू करा. वेगाची तपासणी मात्र सांगली किंवा कोल्हापूरला करावी लागेल. जाताना तीन महिन्यांच्या त्या गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या, म्हणजे त्यात बी-६ किती आहे ते डॉक्टरांना वाचता येईल. आणि खोलीत शिरल्यावर "हाताला मुंग्या येतात" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या बोटांना येतात, अनामिकेच्या कोणत्या कडेपर्यंत येतात, ते दाखवा.